कामठीची गाडी आणि आत्याचा माग

प्रिय अद्वैत आणि सई,

गेल्या रविवारी फोनवर अद्वैतने मला विचारलं, "आजी, एक लाख ऐंशी हजार मैल चाललेला एक जुना पिकअप ट्रक मिळतोय. घेऊ का?" मी उत्तर द्यायच्या आत सई मागून ओरडली, "आजीला काय कळतं ट्रकमधलं!" मी हसले आणि तिथे थंडी किती आहे ते विचारलं. फोन ठेवल्यावर मात्र दोन दिवस दुसरं काही सुचेना. मी पंधरा वर्षांची असताना नागपूरच्या आमच्या घरात हाच प्रश्न नऊ दिवस मुक्कामाला होता. घ्यायची की नाही, यावरून जेवणं थंड झाली होती. तो प्रश्न ऐकलेल्यांपैकी आता मी एकटी उरले आहे. माझा दादा गेल्या वर्षी गेला. शिवाय त्या प्रसंगातला माझा वाटा फारसा चांगला नाही, त्यामुळे मी सांगितला नाही तर तो तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळणारही नाही. म्हणून वही घेतली, समास आखला, आणि नीट क्रमाने लिहिते आहे. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या.

आधी घर. आम्ही विणकर. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना घरं आणि प्रत्येक घरात निदान एक माग. आमच्या घराला तीन खोल्या होत्या. मागे स्वयंपाकघर, मधे आम्ही झोपायचो ती खोली, आणि पुढे, रस्त्याच्या बाजूला, मागाची खोली. माग खड्ड्याचा होता. म्हणजे जमिनीत कमरेइतका खड्डा खणलेला, विणणारा त्याच्या काठावर बसणार, पाय खड्ड्यात सोडून खालच्या पावड्या दाबणार आणि हातांनी धोटा इकडून तिकडे फेकणार. असा माग उचलून दुसऱ्या खोलीत ठेवता येत नाही. जिथे खड्डा तिथे माग. पहाटे मी जागी व्हायची ती त्या मागाच्या आवाजानेच, आणि तो थांबला की झोपेतही कळायचं. घरात कायम खळीचा आंबूस वास असायचा. सुताला ताठपणा यावा म्हणून पेजेसारखी खळ शिजवून लावतात, तिचा. आई त्याच चुलीवर आधी खळ शिजवायची आणि मग लाखोळीची डाळ. लहानपणी मला वाटायचं, डाळीला तोच वास असतो. भाकर, डाळ, जवसाची चटणी, आणि बाबा खुशीत असले तर त्या दिवशी पाटवड्या.

त्या मागावर बसायची माझी आत्या. ती बाबांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा ती माहेरी परतली. विधवा बहीण भावाच्या घरी कशी राहायची ते तुम्हाला माहीत नाही, आणि माहीत नाही हे बरंच आहे. सहसा ती चुलीपाशी राहायची, सगळ्यांच्या नंतर जेवायची. आमची आत्या पुढच्या खोलीत राहायची. रेशमी काठाचं लुगडं तिच्यासारखं आमच्या गल्लीत कुणी विणत नव्हतं, आणि हे तिला आणि सगळ्यांना ठाऊक होतं. कापड घ्यायला आलेला व्यापारी आधी तिला नमस्कार करायचा, मग बाबांना. जेवायला ती पहिल्या पंगतीला बसायची, आणि आई तिला न विचारता वाढायची. हे सगळं त्या खड्ड्याच्या जोरावर होतं. कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण मला पंधराव्या वर्षी एवढं कळत होतं.

बाबांनी विणणं सोडून कापड गोळा करायचं काम धरलं होतं. दर आठवड्याला ते उमरेडला जायचे, तिथल्या विणकरांकडून धोतरं आणि लुगडी घ्यायचे आणि इतवारीच्या दुकानांत पोचवायचे. गठ्ठे यायचे बसच्या टपावरून. त्याच टपावर भिवापूरच्या मिरच्यांची पोतीही असायची. एकदा वाटेत पाऊस लागला, मिरचीचं पोतं फुटलं आणि चाळीस पांढऱ्या धोतरांवर लाल पाणी उतरलं. दुकानदाराने एक धोतर झटकलं आणि दुकानातली सगळी माणसं शिंकू लागली. बाबा घरी येऊन गोष्ट सांगताना स्वतःच हसले, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या तोंडी गाडीचा विषय आला. आपली स्वतःची लहान लॉरी असावी. पिकअप हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. पुढे दोघांपुरती जागा आणि मागे उघडा हौदा असल्या गाडीला आम्ही लहान लॉरी म्हणत होतो.

दादा तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याचं नाव वसंता. मॅट्रिकला दोनदा नापास होऊन तो एका मोटर दुरुस्तीच्या दुकानात जात होता आणि गाडी चालवायला शिकला होता. कामठीला करीमभाई नावाच्या माणसाकडे गाडी विकाऊ आहे ही बातमी त्यानेच आणली. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या वेळची मिलिटरीची गाडी, छावणीने लिलावात काढलेली. करीमभाई लढाईत ड्रायव्हर होता, त्याने ती घेतली, पाच वर्षं चालवली आणि आता मोठी घेणार होता.

घरात दोन तट पडले. आई म्हणाली, "घ्या बाप्पा, घ्या. बैल घेतला तं निदान शेण देते. हे काय देईन?" दादा म्हणाला, "आई, हे बैलासारखं बसकण मारत नाही." आई म्हणाली, "तू हाये ना त्याच्यासाठी." या थट्टेत आत्या कधीच बोलली नाही, कारण खरा प्रश्न तिला आणि आम्हा सगळ्यांना माहीत होता. गाडी परवडायची तर ती भरून आणायला हवी. गाडीभर कापड आणलं की ते विकलं जाईपर्यंत कोरड्या जागी ठेवायला हवं. आणि घरात तशी खोली एकच होती. बाबा एकदाच, भाताकडे बघत म्हणाले, "खड्डा बुजवून वर फरशी टाकली, तं पुढची खोली गोदामाले पुरन." मग घाईने, "मागाचं पाहू काहीतरी." काय पाहणार, ते त्यांना माहीत नव्हतं. आत्याने ताकाचा पेला संपवला, हात धुतला आणि ती पुढच्या खोलीत गेली. जरा वेळाने धोट्याचा आवाज सुरू झाला.

कामठीला बाबांनी दादाबरोबर मलाही नेलं. आमच्या गल्लीत इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच मुलगी होते. तार आली, औषधाची बाटली आली, कचेरीची नोटीस आली की लोक माझ्याकडे यायचे. मी सांगेन ते त्या कागदात असायचं. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते.

करीमभाईच्या अंगणात चिंचेखाली ती गाडी उभी होती. मिलिटरीचा हिरवा रंग, त्यावर दुसऱ्याच कुणीतरी दिलेला निळा, आणि दोन्ही जिथे उडाले होते तिथे गंज. बाबांनी कोट काढून माझ्याकडे दिला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि ते गाडीखाली शिरले. करीमभाईला वाटलं, माणूस चक्कर येऊन पडला. बाबा खालून म्हणाले, "कापड आम्ही उलट्या बाजूनं पाहतो. सुलट्या बाजूनं सगळंच चांगलं दिसते." मग त्यांनी इंजिन सुरू करायला लावलं आणि झाकणाला कान लावून, डोळे मिटून उभे राहिले. असंच ते उमरेडला माग ऐकायचे.

"कितना चला है?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

करीमभाई जरा घुटमळला. "मीटर तो बारा हजार बता रहा है, चाचा. पर झूठ क्यों बोलूँ? एक बार पूरा घूम के फिर शून्य से चला है. लाख के ऊपर हो गया."

बाबांनी डोळे उघडले, आणि त्यांचा चेहरा फुलला. "लाख मैल! ऐकलं का गा वसंता? लाख मैल!"

दादाने कपाळाला हात लावला. करीमभाई बघत राहिला. "आप पहले आदमी हो जो ये सुनके खुश हुए. बाकी सब यहीं से वापस गए."

बाबांचा हिशोब विणकराचा होता. नवा माग आडमुठा असतो, लाकूड अडतं, सूत तुटतं. वीस वर्षं चाललेला माग विणणाऱ्याचा हात ओळखतो, म्हणून आमच्यात जुन्या मागाला नव्याहून जास्त मान. जितका चालला तितका चांगला. हे त्यांनी मोडक्या हिंदीत समजावून सांगितलं. करीमभाईचे वडीलही विणकरच होते. तो हसून म्हणाला, "चाचा, करघा बैठे-बैठे चलता है. ये तो पत्थर पे चलती है." पण बाबांना ते पटलं असं दिसलं नाही. तेव्हा त्याने आतून एक जाड, तेलकट वही आणली. "मिलिटरी की आदत है. पाँच साल का अच्छा-बुरा सब लिखा है, अंग्रेजी में. ले जाइए, बिटिया से पूरा पढ़वाइए. परसों तक लौटा देना, फिर मैं दूसरे को जबान दूँगा."

अद्वैत, तुझ्या ट्रकची अशी वही असेल तर आधी ती माग. गाडीपेक्षा विकणाऱ्याबद्दल जास्त कळतं.

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येला आमच्याकडे माग बंद. सगळी गल्ली गप्प. दुपारी जेवणं झाल्यावर बाबा भिंतीला टेकून बसले, दादा उंबऱ्यात, आई सुपारी कातरत. आत्या थोडी लांब, पुढच्या खोलीच्या दाराशी, कांडीवर सूत भरत होती. बाबा म्हणाले, "थान पुरं उलगडायचं. एक घडी सोडायची नाही." कापड घेताना ते स्वतः तसंच करायचे. विणकराने कितीही शपथा घेतल्या तरी थान, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडायचं, मगच भाव बोलायचा.

मी वही उघडली. करीमभाईचं अक्षर मोठं आणि टपोरं होतं. पहिल्या पानांवर सगळी रडकथा होती. पाणी गळतं. ब्रेक लागत नाही. नदीच्या पुलापाशी बंद पडली, बैलजोडी लावून ओढत आणली. मी ते सगळं मराठीत सांगत गेले, आणि दादाचा चेहरा उतरत गेला. मग पुढचं एक पान मी आधी मनात वाचलं. त्यावर लिहिलं होतं की जुनं इंजिन काढून दुसरं नवं बसवलं. पुढच्या पानावर तीन महिन्यांचे मैल आणि खाली एकच ओळ, तक्रार नाही. त्याच्या पुढच्या पानावरही तसंच. तक्रार नाही.

मी वर पाहिलं. आत्या कांडी भरत होती. तिच्या मागे खड्डा दिसत होता.

मी ठरवून काही केलं असं म्हणवत नाही, पण चुकून केलं असंही म्हणता येणार नाही. मी पानं उलटत गेले, थांबले ते शेवटाजवळ, जिथे एक टायर फुटल्याचं आणि एक दिवा बदलल्याचं लिहिलं होतं. ते वाचलं, आणि वही मिटली.

"संपलं?" बाबांनी विचारलं.

"संपलं."

दादा उंबऱ्यातून म्हणाला, "बाबा, इंजिनाचा आवाज तं गुळासारखा होता. मी स्वतः चालवून पाहिली."

"मग लिहिलेलं खोटं असन का गा? त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि माही पोट्टी वाचून राहिली." बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नाही जमत. उद्या सकाळच्या बसनं वही देऊन ये."

दादा उठला आणि बाहेर गेला. संध्याकाळी जेवायला आला नाही. आईने त्याची भाकर झाकून ठेवली. मला वाटलं होतं मला फार हलकं वाटेल. मी आत्याकडे बघत होते की ती काही बोलते का, जरा तरी हसते का. ती सगळ्या कांड्या भरून झाल्यावर गुपचूप झोपली.

सकाळी खळ लावायची होती. हे काम उन्हं चढायच्या आत, गल्लीतच चालायचं. दोन टोकांना बांबू रोवून ताण्याचं सूत गल्लीभर लांब पसरायचं, आणि दोन्ही बाजूंनी दोघींनी ब्रश फिरवत, खळ लावत पुढे सरकायचं. मधे हजारभर धागे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आत्या. कुठे धागा तुटला असेल तर तो वाळायच्या आत तिथल्या तिथे जोडायचा. ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"काल किती पानं वाचली वं?"

"सगळी."

"मी मोजली. एकवीस वेळा पान उलटलं. तू बोलली आठ वेळा."

माझा ब्रश थांबला. काल माग बंद होते, गल्लीत आवाज नव्हता. आणि जन्मभर धोट्याच्या फेऱ्या कानाने मोजत आलेली बाई तिथे बसली होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"हात चालव, खळ वाळून राहिली," ती म्हणाली. "त्या तेरा पानांत काय होतं?"

मी सांगितलं. नवं इंजिन, आणि पुढचे सगळे महिने तक्रार नाही. ती ऐकत एक तुटलेला धागा जोडत होती. चिमटीत दोन टोकं धरून तिने पीळ दिला आणि मग विचारलं, "काहून?"

"ते तुझा खड्डा बुजवणार होते."

ती एकदम ताठ उभी राहिली. समोरच्या ओसरीवर दात घासणारे काका आमच्याकडे बघू लागले, म्हणून तिने आवाज खाली घेतला, आणि त्या खालच्या आवाजातला राग मी अजून विसरले नाही.

"माह्या खड्ड्याचं मी पाहीन. तुले कोणी वकील केलं? मी सांगितलं होतं तुले, का माह्यासाठी खोटं वाच म्हणून?"

"नाही, पण…"

"अर्धं थान उलगडून दाखवणाऱ्या माणसाले तुहा बाप दारात उभा करत नाही. आणि काल म्हणते कसा, माही पोट्टी वाचून राहिली. ऐकलं ना तू?"

मी रडू लागले. तिने मला रडू दिलं, पण ब्रश खाली ठेवू दिला नाही. ताण्याचं टोक आल्यावरच म्हणाली, "वसंता आंघोळ करून राहिला. तो बसले जायच्या आत जाय आणि पुरं वाच."

"बाबा मारतील."

"मारन तं मारन."

मी खळीच्या हातांनीच घरात गेले. वही दादाच्या पिशवीत वर ठेवलेली होती. बाबा चहा पीत होते. मी उभ्यानेच सांगितलं की काल मी तेरा पानं सोडली, आणि त्यांनी काही विचारायच्या आत वाचायला लागले. त्यांनी बशी खाली ठेवली. नवं इंजिन बसवल्याचं पान त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग पुढचं एकेक पान. मी म्हणायची "तक्रार नाही", आणि ते एक बोट मिटायचे. शेवटी म्हणाले, "आता त्या टायरचं आणि दिव्याचंही वाच." ते काल ऐकलेलं होतं, तरी वाचलं. दादा ओल्या डोक्याने दारात येऊन उभा होता. तो काही बोलला नाही, हे त्याचे माझ्यावर आयुष्यभराचे उपकार.

बाबांनी मारलं नाही. त्यांनी फक्त "काहून वं?" विचारलं, आत्याने विचारलं होतं तसंच. मी पुढच्या खोलीकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. आत्या तोवर आत येऊन काठावर बसली होती, पाय खाली सोडून, पण माग चालवत नव्हती. बाबा उठले, तिच्यापर्यंत गेले आणि शेजारी काठावरच बसले. चेहरा पहिल्यांदाच मागावर बसवलेल्या पोरासारखा. त्यांचे पायही खाली लोंबत होते. याच मागावर ती त्यांना विणायला शिकवायची तेव्हा ते असेच बसत असतील.

"बाई, मी तुले विचारायले पाहिजे होतं," ते म्हणाले.

"पाहिजे होतं."

"गाडी नाही घेत. राहू दे."

"काहून? आता तं पुरं वाचलं ना? गाडी चांगली हाये, घे." मग तिने जे सांगितलं ते तिने नऊ दिवस मनात विणलेलं असावं. "उमरेडले महादेवच्या घरचा खड्डा दोन वर्सांपासून रिकामा हाये. त्याची सून विणायचं म्हणते, तिले शिकवणारं कोणी नाही. हा माग तिकडे लावू. मी जातो संगं."

महादेवकाका बाबांचे चुलतभाऊ. बाबा गडबडले. "लोक म्हणतीन, बहिणीले घराबाहेर काढलं, कापडाच्या गठ्ठ्यांसाठी."

"म्हणू दे. माग नसला तं मी इथे काय करू गा? वहिनीची खळ शिजवू? दोन महिन्यांत तुम्ही मले शेवटच्या पंगतीले बसवसान आणि तुमच्या ध्यानातही येणार नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. ती "असं नका म्हणू बाई" म्हणेल असं मला वाटलं. ती म्हणाली नाही. तिने पदराने डोळे पुसले. मला वाटतं त्या घरात त्या सकाळी सगळ्यात खरं बोलली ती आईच, न बोलता.

त्याच बसने बाबा आणि दादा दोघेही कामठीला गेले, आणि दुपारी आमच्या गल्लीत ती निळी-हिरवी गाडी शिरली. गल्ली अरुंद. दोन्हीकडच्या बायका वाळत घातलेलं सूत उचलून घेत ओरडत होत्या, आणि दादा खिडकीतून हात जोडत होता.

पंधरा दिवसांनी माग सोडवला. खड्डा बुजवायच्या आधी त्याच्या काठावर हळदकुंकू वाहिलं. आत्या विधवा, म्हणून कुंकू आईने वाहिलं. माती मात्र पहिली टोपली आत्यानेच टाकली, आणि ती टाकताना ती मजुराला सांगत होती की नीट चोप, नाहीतर गठ्ठ्यांच्या वजनाने फरशी खचेल. गाडीचा पहिला माल म्हणजे तो माग. लाकडं हौद्यात बांधली, आणि ती पुढे दादाशेजारी बसली. एका हाताने दाराची कडी धरली होती, मांडीवर गाठोडं. मी खिडकीशी गेले. त्या सकाळनंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली होती. मी म्हटलं, "मी पत्र लिहीन, आत्या."

"लिहिजो. महादेवची सून वाचून दाखवन." मग जरा थांबून, "पुरं लिहिजो."

अर्ध्या वाटेवर पाणी उकळून गाडी थांबली, हे दादाने परत आल्यावर सांगितलं. तो घाबरला, आणि आत्या झाडाखाली बसून म्हणाली, "लाख मैल चालली हाये बापा. घडीभर दम खाऊ दे तिले."

गाडी आमच्याकडे नऊ वर्षं चालली. बाबांच्या समजुतीप्रमाणे ती दरवर्षी सुधारत गेली नाही, करीमभाई म्हणाला होता तसंच झालं, पण तिने पोसलं आम्हाला. दादाचं लग्न, माझं कॉलेज, दोन्ही तिच्यावर झालं. आत्या सणाला यायची, चार दिवस राहायची, पहिल्या पंगतीला बसायची आणि पाचव्या दिवशी गाडीत बसून परत जायची. मी न वाचता सोडलेली पानं सोडलेलीच राहिली असती तर ती शेवटपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत राहिली असती, असं मला कित्येकदा वाटलं आहे. कॉलेजात असताना एकदा तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "आणि वसंता काय करत असता?" उमरेडला तिच्या हाताखाली त्या सुनेशिवाय आणखी तीन पोरी शिकल्या. माझी पत्रं तिला दर पंधरा दिवसांनी जायची. त्यात काही गाळायचा मोह झाला की मी ते आधी लिहायची. ते सगळंच तिला ऐकायचं होतं की नाही, हे मी तिला विचारलं नाही.

आता काय उरलं आहे ते लिहून थांबते. गाडी भंगारात गेली, तिचा एक खिळाही कुणाकडे नाही. करीमभाईची वही बाबांनी जपली होती, ती वाळवीने खाल्ली. नागपूरचं घर पाडलं, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. आत्याच्या हातचं एक लुगडं माझ्याकडे आहे, ते घडीवर विरलं आहे, पण काठ शाबूत आहे. उमरेडच्या घरात महादेवकाकांचा नातू राहतो, तो शाळेत शिकवतो. माग त्यांनी केव्हाच मोडला. खड्डा मात्र त्यांनी बुजवलेला नाही. वर फळ्या टाकल्या आहेत, आत कांदे ठेवतात.